पाखाडीचा कौल

मला माणसांची भीती कधी फारशी वाटली नाही, भुताखेतांची तर नाहीच. मला भीती वाटायची ती दगडाची, त्यातही ओल्या दगडाची. रत्नागिरीत आमची वाडी उतारावर होती, आणि वाडीतून वरच्या डांबरी रस्त्याला जायला जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची एकच वाट होती. अशा वाटेला आमच्याकडे पाखाडी म्हणतात. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडावर नुसता दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, वर आंब्याफणसाची सावली, आणि मधून ही पाखाडी. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचा तिच्यावर भारी जीव. उभे राहून फोटो काढायचे. मी अंगणातून बघायचे आणि मनात म्हणायचे, एकदा माझा डावा पाय लावून चढा, मग काढा काय काढायचे ते फोटो.

माझा डावा पाय तिसऱ्या वर्षी पोलिओने गेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी सळ्यांचा सांगाडा, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट. कॅलिपर म्हणतात त्याला. तो बांधला की गुडघा वाकत नाही. उजव्या काखेत कुबडी. सपाट जमिनीवर मी बऱ्यापैकी झपझप चालायचे, अजूनही चालते. पण पायरी आली की सगळा हिशेब बदलायचा. आधी कुबडी वर टेकवायची, तिच्यावर भार टाकायचा, उजवा पाय वर न्यायचा, आणि मग डावा सबंध पाय बाजूने फिरवून ओढून घ्यायचा. तो वर येईपर्यंत सगळं अंग एका पायावर आणि एका काठीवर. पाखाडीतल्या काही पायऱ्या घोट्याएवढ्या, काही गुडघ्याएवढ्या, दोन सारख्या नाहीत. आधाराला गडगा धरावा तर दगड हातातच यायचा. तोल गेला तर अडवायला खाली तळापर्यंत काही नव्हतं.

लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून शाळेत गेले. ते गेल्यावर शाळा सुटली, पण बाहेरून परीक्षा देऊन मॅट्रिक झाले, आणि टेलिफोनच्या कचेरीत मला नोकरी लागली. ट्रंक कॉल जोडून द्यायचे. मुलाखत घेणारे साहेब सज्जन होते. म्हणाले, हे काम बसून करायचं आहे, याला पाय लागत नाहीत. मी मान डोलावली. त्या खुर्चीपर्यंत पोचायला पाय लागतात हे त्यांना कशाला सांगा, म्हटलं. पहिली दोन वर्षं नोकरी कच्ची होती. खाडे झाले तर घरी बसायचं, हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा संप लागला होता. माझा मोठा भाऊ, दादा, गिरणीत होता. तो परत आला आणि अंगणात विड्या ओढत बसून राहिला. घरात आई, दादा आणि मी. चूल माझ्या पगारावर पेटत होती. त्यामुळे मी रोज सकाळी वर पोचणं ही काही माझ्या हौसेची गोष्ट राहिली नव्हती.

उन्हाळ्यात कशीबशी जायचे. पावसाळा लागला आणि माझी पाचावर धारण बसली. जांभा पाणी पितो आणि आठवड्याभरात त्याच्यावर हिरवं शेवाळ धरतं. दोन पायांची धडधाकट माणसंसुद्धा पाखाडी उतरताना पायाची बोटं आवळून उतरायची. त्यात वरून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बायका, त्यांच्या पाट्यांचं पाणी पायऱ्यांवर ठिबकलेलं. मधेच एखादी गाय पायरी अडवून आडवी उभी, आणि ती बाजूला व्हायला लागली की तिचं शेपूटसुद्धा मला पाडायला पुरेसं होतं.

दादा म्हणाला, मी नेतो तुला पाठुंगळी. त्याने नेलंही, रोज, दोन महिने. लोक म्हणायचे, काय भाऊ आहे! होताच तो तसा. पण त्याच्या पाठीवर मला जी भीती वाटायची तिचं वर्णन मी कुणापाशी केलं नाही. एका हातात छत्री, दुसरा त्याच्या गळ्याभोवती, आणि माझा लोखंडी पाय त्याच्या मांडीवर पावलागणिक आपटणारा. मला पायरी दिसायची नाही. त्याचा श्वास लागलेला कानाशी ऐकू यायचा. स्वतः चालताना निदान पडण्याचा क्षण आपल्याला आधी कळतो. पाठीवर बसलेल्याला तो कळत नाही. मी डोळे मिटून घ्यायचे आणि दात इतके आवळायचे की कचेरीत हेडफोन लावला की कानशिलं ठणकायची.

श्रावणात तो घसरला. फार काही झालं नाही असंच सगळे म्हणाले. त्याचा कोपर सोलपटला, माझ्या कॅलिपरची सळी वाकली, छत्री गडग्यापलीकडे गेली. तो पडल्या पडल्या हसायला लागला, मला हसवायचं म्हणून. मला हसता येईना. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरून बसले होते आणि माझी मूठ सुटत नव्हती. आईने येऊन एकेक बोट उलगडलं.

त्यानंतर मी कुणाच्या पाठीवर गेले नाही. बसून जायला लागले. कमरेला मागून गोणपाट बांधायचं, पायरीवर बसायचं, हातांनी अंग उचलून वरच्या पायरीवर ठेवायचं, मग पुढची. कुबडी गळ्यात अडकवलेली. पिशवीत दुसरं लुगडं, ते कचेरीत जाऊन बदलायचं. कुणी समोरून आलं की भिंतीकडे तोंड करून थांबायचे. बसल्या माणसाला पडायची भीती नसते असं तुम्हाला वाटेल. पण त्या शेवाळावर मी बसल्या बसल्यासुद्धा दोनदा खाली घसरले, आणि घसरताना धरायला काही नाही ही भावना उभ्याने पडण्याइतकीच वाईट असते.

दिवाळीनंतर दादा मुंबईला परत गेला, मिळेल ते काम बघायला. आई म्हणाली, पुढच्या पावसात तू नोकरी सोड, मी कुणाच्या बागेत कामाला जाईन. आईला तेव्हा दम्याचा त्रास होता. त्या रात्रीपासून मला एकच धास्ती लागून राहिली, की पाऊस यायच्या आत या पाखाडीचं काही झालं नाही तर मी आयुष्यभर या अंगणात बसून राहणार आणि माझी आई माझ्यासमोर ढासळणार.

म्हणून मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. रस्त्यांचं काम बघणारे एक इंजिनियर होते, तरुण, घाटावरचे. ते स्वतः येऊन पाखाडी बघून गेले. म्हणाले, होण्यासारखं आहे. उंच पायऱ्या काढून रुंद आणि बुटक्या करू, गडग्याच्या बाजूने लोखंडी पाइपाचा कठडा लावू, सामान आम्ही देऊ. पण वाट वाडीची आहे. वाडीने हो म्हटलं पाहिजे. मला इतका आनंद झाला की मी परत येताना पाखाडीच्या माथ्यावर उभी राहून खाली थुंकले. लहान मुलासारखं. कुणी पाहिलं नाही.

आनंद फार टिकला नाही. वाडीची बैठक झाली आणि मानकऱ्यांनी नकार दिला. मानकरी म्हणजे आमच्या ग्रामदेवाची पालखी ज्यांच्या घराण्याच्या मानाने निघते, ते. साठीचे, उंच, बोलणं कमी. वाडीत कुणाचं लग्न ठरो की पेरणीचा दिवस, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनी. दुष्ट माणूस नव्हता. माझ्या वडिलांच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता. पण त्यांचं म्हणणं असं, की शिमग्याला देवाची पालखी याच पाखाडीने उतरते. खांदेकऱ्यांची अनवाणी पावलं याच पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पडली आहेत, ती पायरी त्यांना अंधारात ओळखते. चिरे पूर्वजांनी बसवले. ही देवाची वाट आहे, तिला पहार लावायची तर देवाला विचारल्याशिवाय नाही.

मी म्हटलं, काका, देवाची वाट आहे तशी माझीही आहे. देव वर्षातून एकदा जातो आणि तोही दुसऱ्यांच्या खांद्यावरून. हे मी बोलायला नको होतं असं आई नंतर म्हणाली. काकांनी रागाने नाही, पण शांतपणे सांगितलं की मग देवालाच कौल लावू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कौल लावणं म्हणजे देवाला प्रश्न विचारणं. गुरव देवाच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मानकरी प्रश्न मोठ्याने मांडतो. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. दिलेला कौल वाडीत कुणी मोडत नाही, आणि कौल मागायला आलेल्याचा प्रश्न न विचारता त्याला परतही पाठवत नाहीत. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा.

वैशाखातल्या एका सकाळी आम्ही देवळात गेलो. देऊळ वाडीतच, सपाटीवर, एक बुटका उंबरठा सोडला तर चढायला काही नाही. देवाकडे जायला मला कधीच त्रास झाला नव्हता, देवाकडून पुढे कुठे जायचं म्हटलं की व्हायचा. आतला थंड, तेलकट वास. पंधरा-वीस माणसं खांबांना टेकून. मी बाजूला पाय लांब करून बसले होते. माझी नोकरी, आईचा दमा, माझं पुढचं सगळं आयुष्य मोगऱ्याच्या दोन कळ्यांवर आलं होतं आणि त्या कळ्यांना त्याची काही खबर नव्हती.

काकांनी गाऱ्हाणं घातलं. पाखाडीचे चिरे मोडायला, महाराजा, तुझी परवानगी असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. सगळे “होय महाराजा” म्हणाले. मीही म्हणाले, जोरात. बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं. कळ्या जागच्या हलेनात. मी उजव्या कळीकडे बघत राहिले, डोळ्यांनी ओढत राहिले. आणि डावी पडली.

लोक उठले. मी कुबडी ओढून घेतली. मग लक्षात आलं की आई उठलेली नाही. ती तशीच बसून काकांकडे बघत होती. आई वाडीत कधी वर मान करून बोलत नसे. म्हणाली, माझा एक प्रश्न हाय.

काका थांबले.

“पायऱ्या मोडू नुको म्हनाला देव, ऱ्हावल्या,” आई म्हणाली. “आता त्येला ह्यां इचारा. ह्या पायऱ्यांवरनं माज्या पोरीला पडू देनार नाय, असा शबूद देतोस काय? देत असशील तर उजवी दे.”

गुरवाने काकांकडे पाहिलं, काकांनी पाषाणाकडे. असा प्रश्न विचारत नाहीत, काका म्हणाले. आईने विचारलं, का नाही? मोडायचं विचारता येतं तर राखायचं का नाही? आणि मघाशी म्हटलं तसं, गाऱ्हाणं घेऊन आलेल्याला प्रश्न न विचारता परत पाठवायची रीत नव्हती. काकांचा आवाज या वेळी खाली आला होता. त्यांनी प्रश्न जसाच्या तसा मांडला. मला वाटतं, त्यांना डावी हवी होती. डावी पडली असती तर सगळे मोकळे झाले असते, देव आणि मानकरी दोघेही.

गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच उजवी पडली.

या वेळी “होय महाराजा” दोघातिघांनीच म्हटलं. काकांचा चेहरा राखेसारखा झाला. आई पदर खोचून उठली आणि म्हणाली, चल, घरी आमटी करायची आहे.

मला हायसं वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मी देव मानत होते, पण त्या चिऱ्यांनाही ओळखत होते. आतापर्यंत मी पडले असते तर फक्त मी पडले असते. आता माझ्याबरोबर देवाचा शब्द पडणार होता. माझ्या त्या एका पायावर आधीच पुष्कळ भार होता. त्यात हा.

पण भीती एकट्या माझ्याच वाट्याला आली नाही, हे मला पाऊस लागल्यावर कळलं. मिरगाच्या पहिल्या ओल्या सकाळी मी गोणपाट बांधून पाखाडीच्या तळाशी गेले तर काका तिथे उभे. डोक्यावर पानांचं इरलं, हातात काठी. बसून नको जाऊस, चालत चल, एवढंच म्हणाले, आणि माझ्या मागे, दोन पायऱ्या खाली, हात पुढे करून चढायला लागले. संध्याकाळी मी परतले तर माथ्यावर हजर. उतरताना ते माझ्या पुढे, उलट्या पावलांनी, तोंड माझ्याकडे करून. चढताना असो की उतरताना, ते नेहमी माझ्या खालच्या बाजूला. मी पडले तर आधी त्यांच्या अंगावर पडणार होते.

मग हळूहळू सगळी वाडीच त्यात ओढली गेली. बायका शनिवारी खुरपी घेऊन शेवाळ खरवडायला लागल्या. चुलीतली राख पायऱ्यांवर पसरू लागल्या. मासेवाल्यांना सांगितलं गेलं की पाटीखाली डबा धरा. माझी पाळी सकाळची की दुपारची हे घराघरांत माहीत झालं आणि त्या वेळात गुरं वरच्या सड्याकडे, कातळाच्या माळावर, न्यायची नाहीत असं ठरलं. कुणी जाहीर काही बोललं नव्हतं. पण मी पडले तर दोनच गोष्टी खऱ्या ठरणार होत्या, एक तर देव खोटा बोलला, नाहीतर मानकऱ्याने कौल चुकीचा लावला. आणि यातली कुठलीही खरी ठरली तर पुढे लग्नाच्या, पेरणीच्या, आजारपणाच्या कुठल्या कौलावर कोण विश्वास ठेवणार?

मला ते सगळं असह्य व्हायचं. मी चढायला लागले की दोन्ही बाजूंच्या अंगणांतलं बोलणं बंद पडायचं. पाट्यावरचा वरवंटा थांबायचा. एखादं पोर रडत असलं तर त्याच्या तोंडावर हात. सगळी वाडी श्वास धरून माझी कुबडी कुठे टेकते ते बघत असायची. एकटीने, कुणी बघत नसताना घाबरणं त्यापेक्षा बरं होतं. मी काकांना दोनदा सांगितलं, तुम्ही घरी जा, मला तुमच्या डोळ्यांची जास्त भीती वाटते. ते ऐकल्यासारखं करायचे आणि दुसऱ्या दिवशी उभे. त्यांचे डोळे खोल गेले होते. काकूंनी आईला सांगितलं की हे रात्री उठून कंदील घेऊन पायऱ्या चाचपून येतात.

गणपतीच्या आधी चारेक दिवस, पावसाची झड लागलेली असताना, ते झालं. मी दुपारच्या पाळीला वर चालले होते. अर्ध्या वाटेत एक मोठा चिरा होता. मी त्याच्यावर कुबडी टेकली, भार टाकला, आणि चिरा खालून हलला. पाण्याने त्याच्याखालची माती नेली होती. कुबडी सुटली. मला आठवतं की मी गडग्याकडे हात नेला आणि दगड हातात आला. मग खाडकन बसले. लोखंड चिऱ्यावर वाजल्याचा आवाज सबंध वाडीने ऐकला.

पण खाली गेले नाही. काकांनी पायरीवर गुडघे टेकून माझा लोखंडी बूट दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. इरलं उडून गेलं होतं, त्यांच्या पांढऱ्या केसांतून पाणी वाहत होतं. कॅलिपर थरथरत होता. मला वाटलं मी थरथरतेय. मग कळलं की थरथर त्यांच्या हातांतून येतेय.

संध्याकाळी देवळात यावर बैठक बसली. हसू नका, खरंच बसली. प्रश्न एवढाच होता, की मी पडले की बसले. पडले असेन तर देवाचा शब्द मोडला. एकजण म्हणाला, आवाज पडल्याचा होता. दुसरा म्हणाला, तिचं बूड पायरीवर होतं आणि तोंड वर होतं, पडलेल्या माणसाचं तोंड वर नसतं. बराच खल झाला. शेवटी सगळे काकांकडे बघायला लागले, कारण जवळून पाहिलेले तेच. काका खांबाला टेकून बसले होते. त्यांनी सांगितलं, ती बसली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. हे मला आईने येऊन सांगितलं तेव्हा ती माझ्या काळ्यानिळ्या मांडीला हळद लावत होती. बसलीस तू, ती म्हणाली, लक्षात ठेव. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि मांडी फार दुखत होती.

उरलेला पाऊस मी काढला. एकही खाडा न होता काढला, पण कसा ते माझं मला माहीत. हलणाऱ्या त्या चिऱ्याखाली लोकांनी दगडाच्या चिपा ठोकल्या, तरी तिथे आलं की मी कुबडी दोनदा टेकवून बघायचे. काकांच्यात आणि माझ्यात त्या दिवसापासून बोलणंच उरलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायचेही नाहीत, फक्त माझ्या बुटाकडे.

भातं कापून झाली, दिवाळी गेली. एका रविवारी सकाळी मी अंगणात कॅलिपरच्या पट्ट्यांना तेल लावत बसले होते. पाखाडीकडून पहारीचा आवाज आला. धप्प, धप्प. मी पट्टे आवळले आणि गेले. अर्ध्या वाटेवर काका एकटे, धोतर खोचून, तो मोठा चिरा उपसून काढत होते. घामाने निथळत होते. मी खाली उभी राहिले. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

“काका, देवाला विचारलंत?”

त्यांनी पहार टेकवली. “त्येला काय इचारायचा गो बाय. त्येचीच सुटका करतंय.”

त्यांनी कपाळ पुसलं आणि त्या पावसाळ्यानंतर प्रथमच माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाले, “चार म्हयने मी झोपलो नाय. तू झोपतस कशी?”

मी म्हटलं, नाही झोपत. ते मान हलवत पुन्हा चिऱ्याकडे वळले. दुपारपर्यंत वाडीतले आठ-दहा जण पहारी घेऊन आले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. माझी खात्री आहे की प्रत्येकाला त्या पावसाळ्यातून सुटायचं होतं.

इंजिनियर साहेबांनी शब्द पाळला, सामान आलं. रुंद, बुटक्या पायऱ्या झाल्या. सिमेंट ओलं असताना त्यावर खराटा ओढून ते खरखरीत केलं, म्हणजे पाय धरेल. गडग्याच्या बाजूने लोखंडी पाइपाचा कठडा आला, पालखीच्या दांड्याला अडणार नाही इतका अंगालगत. शिमग्याला पालखी त्याच वाटेने उतरली. खांदेकऱ्यांनी पहिल्या पायऱ्यांवर जरा पायांनी चाचपलं आणि मग नेहमीसारखी नाचवली. देव काही रागावल्याचं दिसलं नाही. आईने नारळ ठेवला आणि पाषाणाच्या उजव्या अंगाला दोन फुलं जास्त वाहिली.

पुढच्या मिरगात, पहिल्या पावसाच्या सकाळी, मी पाखाडीच्या तळाशी गेले. काका इरलं घालून उभे होते, सवयीने. मी म्हटलं, आता कशाला आलात? त्यांनी इरलं सारखं केलं. मी डावा हात कठड्यावर ठेवला. लोखंड गार आणि ओलं होतं, आणि ते हललं नाही. मी भार टाकला तरी हललं नाही. कुबडी, उजवा पाय, डावा पाय. मी भीत होतेच. ती भीती माझ्यातून कधी गेली नाही, आजही पायरी दिसली की आधी धरायला काय आहे ते बघते. पण त्या सकाळी ती इतरांच्या भीतीएवढी झाली, जेवढी घेऊन माणसाला कामावर जाता येतं तेवढी.

मधल्या वळणावर, जिथे तो मोठा चिरा होता, तिथे मी थांबले. काका दोन पायऱ्या खाली होते. त्यांनी स्वतःही कठडा धरला होता, घट्ट, दोन्ही हातांनी.

“बाय,” ते म्हणाले, “लहानपणापास्नं तू एवढा भ्येव घेऊन चालत होतीस?”

मी हो म्हटलं.

त्यांनी पायरीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आमाला वाटायचा, तुला सवय झाली असंल.”

मी कुबडी वरच्या पायरीवर टेकवली. पाळीची वेळ होत आली होती, आणि वर अजून बरीच पाखाडी बाकी होती.